उन्हात उमटणारा आकडा

एप्रिलातल्या दुपारी धाराशिवच्या स्टँडवरून नळदुर्गकडे जाणारी एसटी धरली की ऊन खिडकीतून थेट मांडीवर येऊन बसतं. फोनमध्ये वेळ बघायला गेले, तर काचेत माझाच घामेजलेला चेहरा. समोर कंडक्टरच्या हातात मात्र तिकिटाचं जुनं मशीन होतं. करड्या-हिरवट पट्टीवर काळे आकडे, आणि तेही कसे, ठसठशीत. "मावशी, अर्धंच ना?" म्हणत त्यानं बटण दाबलं, आकडा उमटला, कागद कुरकुरत बाहेर आला. कवितेचं रसग्रहण आपण करतो, तसं या आकड्याचं करावं हे तेव्हापासून मनात आहे.

हा आकडा शाईचा नाही, अडवलेल्या उजेडाचा आहे. दोन ध्रुवणपट्ट्या एकमेकींना आडव्या ठेवल्या तर उजेड पार होत नाही. त्यांच्यामध्ये दोन काचा आणि काचांच्या फटीत द्रवस्फटिकाचा थर, काही मायक्रॉनचा. केसाच्या जाडीत असे आठ-दहा तरी मावतील. काचेच्या आतल्या अंगाला पातळ लेप देतात आणि तो मखमलीसारख्या कापडानं एकाच दिशेनं घासतात. रेणू त्या दिशेला धरून निजतात. समोरच्या काचेवर घासण्याची दिशा काटकोनात, म्हणून मधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत जातात आणि उजेडालाही वळवून दुसऱ्या पट्टीतून पार नेतात. विजेचा दाब दिला की रेणू उभे राहतात, जिना मोडतो, उजेड अडतो. तिथे काळं दिसतं. मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी 1970 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. मला भुरळ पडते ती त्या मखमलीची. एवढ्या काटेकोर कारखान्यात सगळा डोलारा शेवटी फडकं फिरवण्यावर उभा!

या मशीनच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो. ऊन आत जातं, तिथून उलटून परत येतं. म्हणजे सूर्यच त्याचा दिवा, आणि ऊन जितकं कडक तितका आकडा स्पष्ट. माझ्या फोनला मात्र स्वतःचा दिवा जाळून सूर्याशी झुंजायचं असतं, तेही फाटक्या खिशानं. पहिली ध्रुवणपट्टी जवळजवळ निम्मा उजेड गिळते. लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या उरलेल्यातला दोन तृतीयांश. बाकी तारांच्या आणि ट्रान्झिस्टरच्या सावलीत जातो. शंभर निघाले तर डोळ्यापर्यंत जेमतेम पाच-सात पोचतात. पडदा उजळ करायचा म्हणजे आधी ही गळती थांबवायची. त्यासाठी दिव्यापुढे एक खास थर लावतात. पट्टीनं ज्याला गिळलं असतं त्या उजेडाला तो मागे फिरवतो. तुळजापूरच्या गर्दीत चुकीच्या दारी आलेला भाविक वळसा घालून पुन्हा रांगेत शिरतो, तसा तो उजेड मागे आपटून, दिशा बदलून परत येतो आणि यावेळी पार होतो.

वेगाची गोष्ट याहून अवघड. नळदुर्गच्या पाणीमहालाशी पावसाळ्यात उभं राहिलेल्यांना ती लगेच कळेल. बोरी नदीला पूर आला की नर आणि मादी हे दोन्ही धबधबे झपाट्यानं कोसळू लागतात. ओसरतात मात्र आपल्या चालीनं. रेणूंचंही तसंच. उभे राहतात विजेच्या धक्क्यानं, पण परत निजायला त्यांना कुणी ढकलत नाही. द्रव किती चिकट आणि फट किती रुंद, यावर तो वेळ ठरतो. फट निम्मी केली तर वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून फट अरुंद करावीशी वाटते. पण मग जिना आखूड पडतो, उजेड पुरता वळत नाही आणि पडदा मंद होतो. भरपाईला उजेड जास्त वळवणारे लांबट रेणू आणावेत, तर ते बहुधा जास्त चिकट. या कवितेचं सगळं नाट्य मला इथे दिसतं. एक ओळ सुधारली की दुसरीचं वृत्त मोडतं.

आमच्या हवेनं तर आणखी एक ओळ तपासली असती. 1888 मध्ये प्रागमध्ये फ्रिडरिश रायनिट्झर यांना एक पदार्थ जणू दोनदा वितळताना दिसला, 145.5 अंशांना गढूळ आणि 178.5 अंशांना नितळ. मधला तो गढूळपणा म्हणजे द्रवस्फटिक. पण एवढं तापलेलं काही तिकिटाच्या मशीनमध्ये कोण भरणार? 1973 मध्ये इंग्लंडात हल इथल्या जॉर्ज ग्रे यांनी जो रेणू पुढे आणला, तो साधारण 24 ते 35 अंशांत द्रवस्फटिक राहतो. तिथल्या खोलीत ठीक आहे. धाराशिवच्या एप्रिलात सावलीतच पारा चाळिशीला टेकतो. एकटा तो रेणू असता तर त्याचं साधं पातळ द्रव झालं असतं आणि माझं तिकीट कोरं निघालं नसलं तरी आकडा दिसला नसता. म्हणून भावकीतले रेणू मिसळून ही मर्यादा साठ अंशांच्या आसपास नेली.

नळदुर्गला चहा घेताना टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. चेंडूमागे धूसर शेपूट. रेणूंना लगबग करायला लावण्याची एक युक्ती आहे. बाजारात आपण मुद्दाम कमी भाव सांगतो तेव्हा कुठे मधल्यावर सौदा पटतो; तसा गरजेपेक्षा मोठा धक्का क्षणभर देतात. तरी थोडी शेपूट उरतेच, कारण प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत जागीच थांबतं आणि डोळा मात्र चेंडूबरोबर पुढे पळतो. मग चित्रांच्या मध्ये दिवाच क्षणभर विझवतात. शेपूट छाटली जाते, आणि तेवढाच उजेडही जातो.

परतीच्या गाडीत अंधारून आलं होतं. तसंच जुनं मशीन, पण पट्टीवर काही दिसेना. कंडक्टरनं ते माझ्यापुढे धरलं. "मावशी, जरा फोन इकडं करा की." मी फोन त्याच्यावर धरला. आकडा दिसला.