हिरड्या गुलाबी झाल्या, पण प्रश्न सुटला का?

लेझरने हिरड्यांचा काळपटपणा घालवण्यावरचा शोधनिबंध हातात घेतला, की नजर आधी फोटोंवर जाते. आधी काळ्या हिरड्या, नंतर गुलाबी. तिथेच थांबू नका.

हिरडीच्या आवरणाच्या तळाशी असलेल्या मेलानोसाइट पेशी मेलानिन तयार करतात. आपल्याकडे हा रंग बहुतेकदा नैसर्गिक असतो, आजार नव्हे. डायोड लेझर (उदा. ८१० किंवा ९८० नॅनोमीटर) तो थर उष्णतेने काढतो. स्काल्पेलपेक्षा रक्तस्राव कमी, हा फायदा खरा आहे. पण निबंध वाचताना तीन प्रश्न विचारा.

पहिला, पाठपुरावा किती दिवस? आजूबाजूच्या भागातून मेलानोसाइट सरकत येतात असं मानलं जातं, आणि रंग परत येऊ शकतो. तीन महिन्यांच्या निरीक्षणातून रंग गेला एवढंच कळतं, तो परत येणार नाही हे नाही.

दुसरा, मोजलं कसं? डमेट निर्देशांकात ० म्हणजे गुलाबी, ३ म्हणजे गडद तपकिरी किंवा निळसर काळा. हे नुसते क्रम आहेत. थेट सरासरी काढली असेल तर थबका. आणि गुण देणाऱ्याला लेझर कोणत्या बाजूला केलं ते माहीत होतं का, हेही बघा.

तिसरा, वगळलं कुणाला? तंबाखू वापरणाऱ्यांना अनेकदा वगळतात. अभ्यासापुरतं ते ठीकच. पण कोल्हापुरात बसून विचार करा. तंबाखूची निपाणी इथून जवळच. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री (कुणी मशेरी म्हणतं) हिरड्यांना घासणाऱ्या आज्या, मावश्या आपल्याच घरात आहेत. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली. घरच्या तव्यावर ती कशी लागू होणार? त्या निबंधाचा निष्कर्ष या मावशींना लावता येत नाही.

आणि इथे नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही. तंबाखू लावणारीच्या तोंडातला डाग धोक्याची खूण असू शकतो. लेझरने उती जाळून टाकली, की सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काही उरत नाही. म्हणून शंका असेल तर आधी बायोप्सी, मगच लेझर.

उद्या तुमच्या आराखड्यात वगळण्याचे निकष लिहाल, तेव्हा एकदा ओपीडीच्या बाकाकडे बघा. वगळलेलीच माणसं तिथे बसलेली नाहीत ना?