फाळक्यांच्या आगकाड्या

दादासाहेब फाळक्यांचे नाव निघाले की आपल्या ख्रिस्ती घरांतून एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले आणि त्यातूनच पुढे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जन्मास आला. गोष्ट खरी आहे. खुद्द फाळक्यांनीच ती लिहून ठेवली आहे. परंतु ती सांगून आपण थांबतो, ही आमची तक्रार. त्यांच्या कसबाची खूण आम्हांस देवादिकांच्या चित्रपटांपेक्षा वाटाण्याच्या एका वेलात आणि मूठभर आगकाड्यांत अधिक पटते.

वेल १९१२ चा. लंडनहून कॅमेरा मिळवला होता, भांडवल मात्र नव्हते. कर्ज देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याची महिनाभराची वाढ मिनिटभराच्या फितीत टिपली. रोज एकेकच चित्र घेतले, असे पुष्कळदा छापले जाते. आम्ही हिशेब करून पाहिला. मूकपटात सेकंदाला सुमारे १६ चित्रे सरकत. तीस चित्रांचा खेळ दोन सेकंदांतच आटोपला असता! मिनिटासाठी नऊशेंहून अधिक चित्रे हवीत, म्हणजे दिवसाला तीसेक. दंतकथेहून हे कष्ट मोठे. तेही अतिश्रमाने काही काळ दृष्टी गमावून बसलेल्या माणसाचे. आमच्या वर्ध्याकडचा शेतकरी कपाशीत जन्म घालवतो, पण बोंड उमलताना त्याच्या तरी नजरेस कोठे पडते? काळाची ती गती फाळक्यांनी डोळ्यांच्या आवाक्यात आणली.

'आगकाड्यांची मौज' १९१५ ची. ती आज उपलब्ध नाही. तेव्हा न पाहिलेल्या कृतीविषयी आम्ही लिहीत आहोत, हे कबूल. तंत्र मात्र ठाऊक आहे. काडी सूतभर सरकवायची, हात काढून घ्यायचा, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. पडद्यावर हात दिसत नाही. काड्याच आपल्या मर्जीने चालू लागतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्या अशा नाचविल्या होत्या, आणि त्याच वर्षी सुमारे सातशे रेखाचित्रांतून 'फँटासमागोरी' हा दोन मिनिटांहूनही छोटा व्यंगपट केला होता. म्हणून ही कल्पना फाळक्यांची स्वतःची, असे आम्हांस म्हणवत नाही. पण कल्पना उसनी मिळते, हात उसना मिळत नाही. येथे शिकवणारा कोणी नसताना, कथापटांच्या धामधुमीत, त्यांनी काड्यांसाठी वेळ काढला, हे आम्हांस विशेष वाटते.

गेल्या मे महिन्यात आमच्या आवारातील मुलांनी मोबाइलवर हा प्रयोग केला. पंख्याच्या वाऱ्याने काडी हलली आणि चाळीस चित्रे वाया गेली. मग पंखा बंद! वर्ध्याचे ऊन वाचकांस सांगावयास नको. दोन तास घाम गाळून अकरा सेकंदांचा खेळ झाला, आणि तो मुलांनी आम्हांस नऊ वेळा दाखविला.