राखाडीतला फरक

परभणी-जिंतूर रस्त्याकडेच्या जुन्या आंब्याच्या खोडावर राखाडी चट्टे दिसले, की ‘झाडाला बुरशी लागली’ म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धंच खरं. ते शैवाक आहे. अंग बुरशीच्या धाग्यांचं, आत शैवालाच्या पेशी आणि अन्न करण्याचं काम शैवालाकडे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 साली हे मांडलं, तेव्हा त्या विषयातल्या जाणकारांनी ते उडवून लावलं होतं.

सह्याद्रीच्या ओल्या रानात शैवाकं फांद्यांवरून लोंबतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती चैन परवडत नाही. इथलं शैवाक सालीला चिकटून, अंग चोरून वाढतं, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. हा आखडता हातच त्याची शैली आहे, आणि ती वाचायला दहापट भिंग पुरतं.

सखल, कोरड्या मुलखातल्या झाडांवर सर्रास दिसणारी दोन शैवाकं घ्या : पिक्सिनी कोकोस आणि डिरिनारिया. दोन्ही राखाडी, दोन्ही गोलसर पसरलेली, दोघांच्याही कडेला अरुंद पाळ्या. लांबून जुळी भावंडंच वाटावीत. भिंग लावलं की पहिला भेद उघडा पडतो. डिरिनारियाच्या पाळ्या एकमेकींत मिसळत जातात आणि पृष्ठभागावर लुगड्याच्या निऱ्यांसारख्या बारीक घड्या पडतात. पिक्सिनीच्या पाळ्या सुट्या राहतात. पाळीची कड सुईने हलकेच उचलली, तर पिक्सिनीच्या काळ्या पोटाला सालीत धरून ठेवणारे मुळांसारखे तंतू दिसतात. डिरिनारियाला ते नसतातच.

खरी बहार पुढे आहे. अंधार पडल्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा पिक्सिनीवर धरा. दिवसभर राखाडी असलेलं ते अंग लख्ख पिवळं चमकतं. ही किमया वरच्या थरातल्या लायकेक्झँथोन या द्रव्याची. डिरिनारिया मात्र ढिम्म राहतं. त्याच्यावर पोटॅश द्रावणाचा थेंब टाकला, की ते पिवळं पडतं आणि त्या थेंबाला पिक्सिनी दाद देत नाही. रंग एकच, पण एकाचं गुपित प्रकाशाला कळतं, दुसऱ्याचं क्षाराला. इतकी नेटकी रचना एखाद्या कसलेल्या कथेतही क्वचित सापडते.

मोठ्या पाळ्यांचा नमुना पाहायचा असेल, तर काळ्या मसाल्याचा डबा उघडा. त्यातलं दगडफूल शैवाकच आहे. नाव दगडाचं असलं, तरी ते डोंगराळ भागातल्या झाडांच्या सालीवरूनही गोळा होतं. वरून राखाडी, खालून काळं, कड कुरळी. ओळखीची सवय लावायला याहून सोपा धडा नाही. नेमकी जात ठरवायची, तर पुढे फळांचे काप, बीजाणू आणि द्रव्यांची तपासणी आलीच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प. गो. पटवर्धन, उर्मिला मखिजा यांनी महाराष्ट्रातल्या शैवाकांवर हेच चिकाटीचं काम केलं.

सालीवरची शैवाकं झाडाचा रस शोषत नाहीत. फक्त बसायला जागा घेतात. तेव्हा आंब्याचं खोड खरवडून ‘साफ’ करायच्या आधी एकदा भिंग लावून पाहा. पाण्याचे चार थेंब शिंपडा; राखाडी अंग हिरवट होतं की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग खरवडणी ठेवून द्या.