चिरंजीवांचा संसार

पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अद्भुताश्रयी प्रणयकादंबरी, हा इंग्रजी लोकप्रिय साहित्यातला प्रकार ज्या दोन अटींवर उभा आहे, त्या अटींचे आपसांत फारसे पटत नाही. पहिली अट प्रणयकादंबरीची: प्रेमकथा हेच कथानकाचे मध्यवर्ती सूत्र असावे आणि शेवट सुखाचा, निदान आशेचा असावा, असा दंडक अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांनी स्वतःच घालून घेतलेला आहे. दुसरी अट अद्भुताची: प्रेमिकांपैकी किमान एक जण व्हॅम्पायर, म्हणजे मरणानंतर उठून माणसांच्या रक्तावर जगणारा, किंवा देवदूत, परीवंशीय वा शापित योद्धा अशा कोणत्या तरी जरामरणापलीकडच्या कुळातला असावा. आता सुखान्त म्हणजे कथेने योग्य क्षणी थांबणे होय. दोघे सुखाने नांदू लागल्यावर पुढे म्हातारपण, आजारपण आणि वियोग येणार हे वाचकाला ठाऊक असते आणि ते न सांगण्याचा समजूतदारपणा कथाकार दाखवतो. पात्रे मरणारच नसतील, तर मात्र नांदण्यापुढे नुसता काळ उरतो. त्या काळाचे करायचे काय, हा या प्रकारातला खरा रचनेचा प्रश्न आहे, आणि गेल्या अर्धशतकात त्याला मिळालेली उत्तरे पाहिली की यातले टिकाऊ काय आणि नुसते खपाऊ काय, हे पुष्कळसे उलगडते.

मराठीतला एक भेद येथे उपयोगी पडतो. अमर तो, ज्याला मरण नाही. चिरंजीव तो, जो फार काळ जगतो, आणि ते जगणे वराप्रमाणे शापानेही वाट्याला येऊ शकते. अश्वत्थामा हा दुसऱ्या प्रकारचा. व्हॅम्पायरही त्याच पंक्तीतला, कारण छातीत खुंटी ठोकून किंवा शिरच्छेद करून त्याला मारता येते. (उन्हाने तो भस्म होतो ही समजूत मात्र वाटते तितकी जुनी नाही, ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये हिंडतो, आणि सूर्यप्रकाशाने होणारा व्हॅम्पायरचा अंत रूढ केला तो 1922 सालच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने.) जो मरू शकतो पण आपणहून मरत नाही, ज्याला भय आहे पण वार्धक्य नाही, असा नायक प्रणयकथेला सोयीचा ठरला यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकातील व्हॅम्पायर प्रियकर नव्हता. तो भुरळ घालणारा शत्रू होता. जॉन पॉलिडोरीच्या 1819 सालच्या कथेतील लॉर्ड रथवेनने त्याला उमरावाचा पोशाख दिला, शेरिडन ले फानूच्या ‘कार्मिला’ने 1872 साली दोन तरुणींमधील ओढीतून भयकथा घडवली, आणि स्टोकरने ही सारी सामग्री एकत्र करून व्हॅम्पायरला परका आक्रमक बनवले. या तिन्ही कथांत त्याच्या दीर्घायुष्याचा उपयोग त्याला अधिक धोकादायक करण्यापुरता आहे. इतकी वर्षे जगून त्याला काय वाटते, हे कोणी विचारत नाही.

तो प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो एका दुपारच्या दूरचित्रवाणी मालिकेत. अमेरिकेतील ‘डार्क शॅडोज’ ही मालिका 1966 साली सुरू झाली, 1967 साली तिच्यात बार्नाबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर आला, आणि थोड्या काळासाठी आणलेले हे पात्र प्रेक्षकांनी असे उचलून धरले की 1971 साली मालिका जवळजवळ संपेपर्यंत ते तिचा आधारस्तंभ होऊन राहिले. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी गमावलेली प्रेयसी तो वर्तमानातल्या स्त्रीमध्ये शोधतो. या मालिकेचा निर्माता डॅन कर्टिस याने 1974 साली ड्रॅक्युलावर चित्रपट केला तेव्हा हेच सूत्र त्यात घातले, आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या 1992 सालच्या चित्रपटानंतर ते इतके रूढ झाले की मूळ कादंबरीत पुनर्जन्म नाहीच, हे अनेकांना खरे वाटत नाही. पुनर्जन्माच्या प्रेमकथांवर पोसलेल्या भारतीय प्रेक्षकाला यात काही नवे वाटणार नाही. युरोपीय व्हॅम्पायरकथेला मात्र दुःख करण्याचे कारण पहिल्यांदाच मिळाले.

दुःखाला आवाज मिळाला अ‍ॅन राइस यांच्या 1976 सालच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये, जिथे व्हॅम्पायर स्वतःच आपली हकीकत सांगतो. ही कादंबरी प्रणयकादंबरी नव्हे, पण पुढच्या सगळ्या प्रणयनायकांचे मूळ तिच्यात आहे. तिच्यातील सर्वांत धीट निर्मिती म्हणजे क्लॉडिया ही बालिका: पाच-सहा वर्षांच्या वयात व्हॅम्पायर झालेली, मनाने प्रौढ स्त्री होत जाणारी आणि देहाने कायमची लहान राहिलेली. न बदलणारा देह ही देणगी नसून कोंडी आहे, हे या पात्राइतक्या निर्दयपणे त्यानंतर क्वचितच सांगितले गेले. राइस यांची लहान मुलगी 1972 साली रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. ती माहिती नसतानाही क्लॉडिया असह्य वाटते, हे लेखनाचे यश आहे.

दोनच वर्षांनी, 1978 साली, चेल्सी क्विन यार्ब्रो यांची ‘होटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ आली आणि काँत सँ-जर्मँ या नायकाची दीर्घ मालिका सुरू झाली. अठराव्या शतकात युरोपच्या दरबारांत वावरलेल्या आणि वय न होणारा म्हणून गाजलेल्या एका खऱ्या गृहस्थावरून हा नायक बेतलेला आहे. कादंबऱ्यांत त्याचे वय काही हजार वर्षांचे आहे. यार्ब्रो यांनी त्याच्यासाठी केलेला एक नियम या साऱ्या साहित्यातील बहुधा सर्वांत बुद्धिमान नियम ठरावा. सँ-जर्मँला रक्ताइतकीच रक्तासोबत येणाऱ्या जवळिकीची गरज आहे. ज्या स्त्रीशी हा संबंध दीर्घकाळ टिकतो ती मरणोत्तर त्याच्यासारखीच होते. पण तशी झाली की दोघांचे प्रणयसंबंध संपतात, कारण एका व्हॅम्पायरकडे दुसऱ्याला देण्यासारखे जिवंत काही उरत नाही. मॅडलेन द मोंतालिया ही त्याची सर्वांत प्रिय स्त्री अशा रीतीने त्याला कायमची मिळते आणि त्याच क्षणी कायमची दुरावते. पुढे शतकानुशतके त्यांच्यात जे उरते ते स्नेह, पत्रव्यवहार आणि काळजी. प्रेमाची किंमत आणि चिरंजीवित्वाची किंमत एकाच वहीत मांडली गेल्याने कथेला तोल येतो. मालिकेत एकसुरीपणा आहे, ऐतिहासिक वेशभूषेची वर्णने कथेला वारंवार खोळंबवतात, पण काळ म्हणजे काय याचे भान लेखिकेने कधी सोडलेले नाही.

1990च्या दशकाअखेर हा प्रकार प्रणयकादंबरीच्या बाजारपेठेत स्थिरावला तेव्हा नेमका हाच नियम उलटवला गेला. क्रिस्टीन फीहान यांच्या 1999 सालच्या ‘डार्क प्रिन्स’पासून सुरू झालेल्या मालिकेत कार्पेथियन जमातीचे पुरुष काही शतके जगले की त्यांच्या भावना विझतात, त्यांना रंग दिसेनासे होतात, आणि नेमून दिलेली सहचरी भेटताच जग पुन्हा रंगीत होते. प्रतिमा म्हणून ही कल्पना देखणी आहे. तिच्यासोबत आला तो ‘नियत जोडीदार’ हा संकेत, ज्यानुसार अमुक स्त्री अमुक पुरुषासाठीच जन्मलेली असते. फीहान यांच्या जगात पुरुषाने विधीची वाक्ये उच्चारली की स्त्री बांधली जाते, तिने होकार दिलेला असो वा नसो. चिरंजीव प्रेमावर येणारी मोठी शंका, म्हणजे हजार वर्षांत मन पालटणार नाही कशावरून, ही या संकेताने एका फटक्यात निकालात निघते. पण शंकेबरोबर निवडही निकालात निघते, आणि निवड नसलेल्या प्रेमात प्रणयकथेला सांगण्यासारखे फार थोडे उरते. जी गाठ ब्रह्मदेवाने मारली तिच्याबद्दल नायिकेने तीनशे पाने साशंक राहणे हा मग केवळ उपचार ठरतो.

जे. आर. वॉर्ड यांच्या 2005 साली ‘डार्क लव्हर’ने सुरू झालेल्या मालिकेत व्हॅम्पायर ही स्वतंत्र प्रजातीच आहे, आणि तिच्यातले स्त्री-पुरुष एकमेकांच्याच रक्तावर जगतात, जे यार्ब्रोंच्या जगात अशक्य, तेच येथे दांपत्याचे चिन्ह. अडचण येते ती नायिका माणूस असली की. एका कादंबरीत कर्करोगग्रस्त नायिकेला देवीच्या कृपेने आरोग्य आणि अक्षय तारुण्य मिळते, दुसरीत डॉक्टर असलेली नायिका मरते आणि भूत होऊन परतते. या दुसऱ्या तोडग्यावर बरेच वाचक नाराज झाले आणि त्यांची नाराजी रास्त होती. शेरिलिन केन्यन यांच्या 2004 सालच्या ‘किस ऑफ द नाइट’मध्ये मात्र काळाचा विचार अनपेक्षित ताकदीने येतो. तिचा नायक वुल्फ हा असा चिरंजीव की जो नजरेआड होताच पाच मिनिटांत माणसे त्याला विसरतात, आणि नायिका अशा वंशातली की जिला सत्ताविसाव्या वाढदिवशी मरण ठरलेले आहे. ज्याला कोणी आठवत नाही तो, आणि जिच्याजवळ वेळ नाही ती, ही जोडी जुळवण्यात खरी कल्पकता आहे. शेवटी कथा सुटकेची वाट काढतेच, पण तोवर तिने वाचकाला काही तरी गमावण्याच्या काठावर उभे केलेले असते.

चार्लेन हॅरिस यांनी 2001 सालच्या ‘डेड अन्टिल डार्क’मध्ये व्हॅम्पायरला लुइझियानातील एका लहान गावात आणले. जपानमध्ये कृत्रिम रक्त तयार झाल्याने व्हॅम्पायर उघडपणे समाजात वावरू लागले आहेत, ही तिची भूमिका. नायिका सूकी खानावळीत वाढपीण आहे, तिला इतरांच्या मनातले विचार ऐकू येतात, आणि व्हॅम्पायरचे मन तिला ऐकू येत नाही. तिची ओढ सौंदर्याइतकीच या शांततेची आहे. हॅरिस यांचा सर्वांत चांगला विनोद आणि सर्वांत चांगली जाण एकाच प्रसंगात दिसते: सूकीची आजी व्हॅम्पायर बिलला आपल्या मंडळात व्याख्यान द्यायला बोलावते, कारण त्याने अमेरिकेचे यादवी युद्ध प्रत्यक्ष लढलेले आहे. सभेतल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या पूर्वजांना पाहिलेला माणूस भेटतो. चिरंजीवाचे वय म्हणजे त्याचा बँकेतला पैसा किंवा उंची अभिरुची नव्हे, त्याची साक्ष आहे, हे इतक्या साधेपणाने या प्रकारात इतरत्र आढळत नाही. तेरा पुस्तकांनंतर, 2013 साली, हॅरिस यांनी सूकीला व्हॅम्पायर न करता मर्त्यांच्या बाजूला ठेवले, तेव्हा वाचकांचा मोठा वर्ग रुष्ट झाला.

या प्रकाराची सर्वाधिक खपलेली कृती, स्टेफनी मायर यांची 2005 ते 2008 या काळातील ‘ट्वायलाइट’ चतुष्टयी, याच कसोटीवर सर्वांत उणी ठरते. तिच्या दहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तिचा नायक एडवर्ड 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सतराव्या वर्षी मरता मरता व्हॅम्पायर झाला, आणि त्यानंतरची जवळजवळ नऊ दशके त्याच्या बोलण्यात, भयात वा स्मृतीत कोठे उमटत नाहीत; दोन महायुद्धे ओलांडलेला हा पुरुष पुन्हा शाळेच्या बाकावर बसतो आणि त्यात त्याला विशेष विपरीत वाटत नाही. मायर ज्या मॉर्मन पंथाच्या आहेत, त्यात विवाह मृत्यूपलीकडे अनंतकाळ टिकतो अशी श्रद्धा आहे, आणि त्या प्रकाशात पाहता येथील चिरंजीवित्व हे शापापेक्षा स्वर्गातल्या कुटुंबजीवनासारखे का दिसते, हे समजते. राइस यांच्या क्लॉडियाने उभा केलेला प्रश्न मायर यांनाही दिसला होता: त्यांच्या जगात बालव्हॅम्पायर निर्माण करणे हा देहदंडाचा गुन्हा आहे. पण नायिका बेला आणि एडवर्ड यांची मुलगी काही वर्षांत झपाट्याने वाढून ऐन तारुण्यात थांबणार आहे, आणि तिचा वरही पाळण्यातच ठरलेला आहे, अशी व्यवस्था करून त्या प्रश्नाला बगल दिली जाते. बेलाला खरे भय मरणाचे नसून अठरावा वाढदिवस उलटण्याचे आहे, आणि त्या भयाला कादंबरी कधी उलट प्रश्न करत नाही.

‘ट्वायलाइट’नंतरच्या अनुकरणांच्या पुरात व्हॅम्पायर काही वर्षे कंटाळवाणा झाला. त्याही काळात दोन लेखिकांनी स्वतंत्र वाट धरली. डेबोरा हार्कनेस या पेशाने विज्ञानाच्या इतिहासकार आहेत. त्यांच्या 2011 सालच्या ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’मधील दीड हजार वर्षांचा मॅथ्यू प्रसिद्ध व्यक्तींच्या ओळखी मिरवत फिरतो तेव्हा कंटाळा येतो, पण पुढच्या भागात नायक-नायिका 1590 सालच्या इंग्लंड-फ्रान्समध्ये जातात आणि मॅथ्यूला आपला गमावलेला पिता जिवंत भेटतो, तेव्हा भूतकाळाला वजन येते. फिजीत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या नलिनी सिंग यांनी 2009 सालच्या ‘एंजल्स ब्लड’मध्ये दीर्घायुष्याला सत्तेशी जोडले. त्यांच्या जगात महादेवदूत पृथ्वीवर राज्य करतात, व्हॅम्पायर त्यांचे शंभर वर्षांच्या कराराने बांधलेले सेवक असतात, आणि वयाबरोबर क्रौर्य वाढत जाते. लिजुआन ही अतिप्राचीन सम्राज्ञी सांगते की एका मर्त्याच्या प्रेमाने आपण किंचित मर्त्य होऊ लागलो होतो, म्हणून त्याला ठार केले. नायक राफाएललाही ती तोच सल्ला देते. प्रेमाने मर्त्य अमर होतो हा रूढ क्रम येथे उलटतो, आणि कथेला धार येते. खेद इतकाच की पहिल्याच पुस्तकाअखेर नायिकेला पंख फुटतात.

या बाजारपेठेच्या कडेला राहिलेल्या दोन कृती मात्र अनेक मालिकांना पुरून उरतील. ज्युएल गोमेझ यांच्या 1991 सालच्या ‘द गिल्डा स्टोरीज’ची नायिका गुलामगिरीतून पळालेली कृष्णवर्णीय मुलगी असून, रक्त घेताना त्या माणसाला हवे असलेले काही तरी मागे ठेवायचे, हा तिच्या पंथाचा धर्म आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांची 2005 सालची ‘फ्लेजलिंग’ व्हॅम्पायर आणि त्याला रक्त देणारी माणसे यांच्या सामायिक कुटुंबाची कथा सांगते, ज्यात माणसांचे आयुष्य वाढते आणि स्वातंत्र्य घटते. ओढ कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होते, हे बटलर ठरवून देत नाहीत. नियत जोडीदाराच्या कादंबऱ्यांनी दडवलेला प्रश्न त्या उघड्यावर आणून ठेवतात.

सध्याची लाट ‘रोमँटसी’ या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या, काल्पनिक राज्यांत घडणाऱ्या प्रणयकथांची आहे, आणि तिची अग्रणी लेखिका सारा जे. मास. त्यांच्या 2015 साली सुरू झालेल्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ मालिकेतील परीवंशीय नायक पाचशे वर्षांचा आहे, पण तीस वर्षांचा असता तरी एकही संवाद बदलावा लागला नसता. असे असताना 2017 साली आलेल्या तिसऱ्या भागाच्या शेवटी एक चमत्कारिक गोष्ट घडते. युद्ध जिंकलेले, पुढे अपरंपार आयुष्य असलेले हे जोडपे आपखुशीने करार करते की दोघांनी हे जग एकदमच सोडायचे. सहगमन या शब्दामागचा एकतर्फी इतिहास ठाऊक असलेला मराठी वाचक येथे क्षणभर अडखळेल, कारण हा करार दोन्ही बाजूंनी आहे आणि प्रेमाचा कळस म्हणून मांडलेला आहे. ज्या मरणाला हा साहित्यप्रकार इतक्या पुस्तकांतून दाराबाहेर ठेवत आला, त्याला चिरंजीवांनी स्वतःच्या सहीने घरात घेतले. पुढच्या एका भागात नायिका बाळंतपणात मृत्यूच्या दारी पोहोचते, तेव्हा तो करार दोघांच्याही जिवावर उठतो.