मसुद्यातून गळलेला शब्द : एनसीआर प्रादेशिक आराखडा २०४१

काला अंब म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. आपण मात्र तिथे नगररचनेचा विद्यार्थी म्हणून उभे राहू. स्मारकाभोवतीचा मुलूख सपाट आहे, पूर्वेला यमुना वाहते, आणि पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये येतो. अशा सपाट प्रदेशात पाणी अडवायला डोंगर नसतात. सखल जागा, जुने प्रवाह आणि गावोगावचे जोहड, म्हणजे तळी, हे काम करतात.

२००५ साली लागू झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ मध्ये ‘नैसर्गिक संवर्धन क्षेत्र’ होते. अरवली, वने, नद्या, जलाशय त्यात येत, आणि बांधकामाला कमाल ०.५ टक्के जागेची मर्यादा होती. २०२१ च्या अखेरीस हरकतींसाठी खुल्या झालेल्या २०४१ च्या मसुद्यात ‘संवर्धन’ गळले. उरले ‘नैसर्गिक क्षेत्र’. त्यातही जागा निसर्गनिर्मित हवी, कायद्याने अधिसूचित हवी, महसुली नोंदीत तशी दाखवलेली हवी. ०.५ टक्क्यांची मर्यादाही गेली.

नोंदी स्पष्ट असल्या की वाद कमी होतात, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण जोहड माणसाने खणलेला असतो; तो ‘निसर्गनिर्मित’ कसा ठरणार? पूर पसरण्याची सखल जमीन सातबाऱ्यासारख्या कागदावर शेतीच असते. पाणी कागद वाचत नाही. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. दुसरीकडे पानिपतमध्ये भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. पूर आणि टंचाई, दोन्हींवर उतारा असलेली हीच जमीन मसुदा सोडून देतो. हवामान बदलावर बोलणाऱ्या आराखड्यातली ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील डरबनने उलटी वाट धरली. तिथल्या ‘डी-मॉस’ या मोकळ्या जागांच्या जाळ्यात खासगी जमीनही येते, आणि ते नगररचना योजनेतच नकाशावर आखलेले आहे. तरीही एप्रिल २०२२ च्या पुरात डरबन परिसरात चारशेहून अधिक माणसे गेली. नकाशा पुरेसा नसतो. पण तोही नसला तर बांधकाम परवानगी कशाच्या आधारे नाकारणार?

स्वाध्याय : आपल्या गावाचा जुना महसुली नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवा. पाण्याच्या किती जागा मसुद्याच्या व्याख्येत बसतात, ते मोजा.