भुताच्या मुखवट्याआतला माणूस

तमाशा, जलसा, पथनाट्य यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. जत्रेतल्या भूतबंगल्याकडे मात्र समीक्षेने कधी पाहिले नाही. काळोखात दडून बसायचे आणि तिकीट काढून आलेल्या माणसाच्या अंगावर किंचाळत धावून जायचे, हाही अभिनयच आहे. तो करणारा नट कोण असतो? त्याचे मोल कोण ठरवतो? आणि ज्या भीतीवर तो पोट भरतो ती भीती मुळात कोणाची? हे प्रश्न किरकोळ नाहीत.

ते मला पडले उलव्यात. एका मोकळ्या भूखंडावर आनंदमेळा लागला होता. पत्रे ठोकून, काळे कापड ताणून भूतबंगला उभा केला होता. आमच्या ओळखीतला, बारावी झालेला एक मुलगा तिथे रोजावर भूत झाला होता. मेळा मिटल्यावर तो मागच्या बाजूला बादलीत तोंड धूत होता. म्हणाला, "सर, ठेकेदार पहिल्याच दिवशी बोलला, तुला रंग कमी लागेल." हे सांगून तो हसला. मला हसता आले नाही. त्या संध्याकाळी घाबरलेल्या तिघांनी त्याला गुद्दे घातले होते. एकाने तर भीती गेल्यावर, मित्रांना दाखवण्यासाठी मारले होते.

"तुला रंग कमी लागेल" या एका वाक्यात येथील सौंदर्यशास्त्र आले. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा वर्ण काळा सांगितला आहे. भय उत्पन्न करणाऱ्या कारणांत ओसाड घर आहे. म्हणजे भूतबंगल्याची कल्पना तितकी जुनी. आणि भय हा भाव कोणाचा? स्त्रियांचा आणि नीच प्रकृतीच्या माणसांचा, असे तेथेच म्हटले आहे. पंडित सांगतील की नीच प्रकृती म्हणजे जात नव्हे, तो पात्राचा प्रकार आहे. घटकाभर मान्य करू. पण रंगभूमीवर ती प्रकृती दास-दासींच्या वाट्याला आली, आणि त्यांच्या तोंडी संस्कृतही नव्हते, हे कसे नाकारणार? म्हणजे भिणे हा खालच्याचा स्वभाव, आणि भय वाटावे असा रंगही त्याचाच. दोन्ही बाजूंनी कात्री त्याच्यावरच चालते.

गावगाड्यानेही भुतांना जाती वाटल्या. मुंजा बामणाचा, तो पिंपळावर. ब्रह्मसमंध त्याच कुळातला. खवीस मुसलमानाचा. बाळंतपणात मेली ती हडळ. आर. ई. एन्थोवेन यांनी जॅक्सन यांच्या टिपणांवरून १९१५ साली कोकणातील लोकसमजुतींचे पुस्तक काढले. त्यात भुतांची अशी वर्गवारीच आढळते. मेल्यावरही वर्णव्यवस्था सुटत नाही! आणि या भुतांच्या वाटेवर रात्री-अपरात्री चालायचे कोणी? मयताचा सांगावा परगावी पोचवणारा, सरणाला लाकडे वाहणारा, मेलेले जनावर ओढणारा महारच. ज्या अंधाराला गाव भीत होते त्या अंधारातच त्याचे वतन होते. पेशवाईत अस्पृश्याची सावलीही हिंदूंना विटाळ वाटे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या आपल्या भाषणात नोंदवले आहे. भुताला सावली नसते म्हणतात. आम्हाला सावली होती, आणि तोच आमचा गुन्हा ठरला.

मुखवटा कोण घालतो यावर सारे अवलंबून आहे. अमेरिकेत १८६५ साली यादवी युद्ध संपले. त्यानंतर कू क्लक्स क्लॅनचे गोरे, पांढरे झगे घालून, आपण युद्धात मेलेल्या सैनिकांची भुते आहोत असे सांगत मुक्त झालेल्या काळ्यांच्या दारात जात. ग्लॅडिस-मेरी फ्राय या विदुषीने १९७५ च्या ग्रंथात काळ्यांच्या तोंडी आठवणी जमवून दाखवले की गुलामगिरीतही मालक भुताचे सोंग घेत, ते गुलामांनी रात्री घराबाहेर पडू नये म्हणून. मालक भूत झाला की दहशत निर्माण होते. मजूर भूत झाला की करमणूक होते, आणि वर त्याला गुद्दाही मारता येतो.

आपल्या साहित्यात या प्रश्नाचे उत्तर अण्णा भाऊ साठे यांनी 'स्मशानातील सोनं' या कथेत दिले आहे. मुंबईजवळच्या डोंगरातली खाण बंद पडते, भीमाचे काम जाते, आणि तो प्रेते उकरून सोने शोधू लागतो. तिथे भुतांना थारा नाही. त्याची झुंज कोल्ह्यांशी आहे, आणि अखेर प्रेताच्या जबड्यात अडकलेल्या स्वतःच्या बोटांशी. बोटे जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. स्मशानापेक्षा बेकारी भयंकर, हे प्रस्थापित भयकथेला कधी उमगले नाही. तिचा नायक वाड्याचा वारस असतो. वाड्यात राबलेल्यांची दखल ती क्वचितच घेते.

उलव्यात हे वाचताना वेगळीच कळ येते. येथलाही डोंगर फोडला गेला, नदीचा प्रवाह वळवला गेला. विमानतळासाठी दहा गावे उठली. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी ही त्यांतली. जुन्या उलव्याची घरे ओस पडली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. भरताने सांगितलेले ओसाड घर येथे पत्र्याचे करावे लागले नाही. ते खरेच उभे होते, आणि त्याला तिकीट नव्हते.

तरीही भूतबंगल्यावर सरसकट आसूड ओढणे मला मान्य नाही. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत विकणे आणि भुताविरुद्ध कायदा, ही विसंगती वाटेल. पण भगत भूत खरे म्हणून पैसे उकळतो. भूतबंगला मात्र तिकिटावरच कबूल करतो की हे सोंग आहे. भूत म्हणजे रंग फासलेला माणूस, ही गोष्ट तो नकळत शिकवतो. म्हणून तो अर्धा प्रामाणिक आहे.

उरलेले अर्धे काम आपले. नाटक संपले की नट पुढे येतो, प्रेक्षक त्याचा चेहरा पाहतो. भूतबंगल्यातला नट मात्र मागच्या फटीतून निघून जातो. शेवटच्या खोलीत दिवा लावावा, मुखवटे उतरवावेत, आणि पाहणाऱ्याने ज्याला घाबरून मारले त्याच्या डोळ्यांत पाहावे. ठरलेली मजुरी, पाणी, विश्रांती, मारणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार, एवढे त्या नटाला मिळालेच पाहिजे. ज्या कलेत कलावंताच्या अंगावर हात टाकण्याची मुभा आहे तिला कला म्हणायला मी तयार नाही.

मी त्या मुलाला विचारले, "तुला कशाची भीती वाटते?" तोंड पुसत तो म्हणाला, "सर, रविवारी मेळा उठणार."