जॉर्ज डेडलोचे नसलेले पाय : रज्जुसर्प की द्विचंद्र?

फिलाडेल्फियातील मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांची ‘द केस ऑफ जॉर्ज डेडलो’ ही कथा जुलै १८६६ मध्ये ‘द अटलांटिक मंथली’त लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. अमेरिकी यादवी युद्धात दोन्ही हात व दोन्ही पाय गमावलेल्या एका साहाय्यक शल्यवैद्याचे हे आत्मनिवेदन अनेक वाचकांनी खरेच मानले. डेडलोसाठी वर्गणीही जमली. छिन्न अवयवाच्या जागी उरणाऱ्या संवेदनेला ‘फँटम लिंब’ ही संज्ञा मिचेल यांनी दिली ती १८७१ मध्ये. कथा आधी, संज्ञा नंतर. हा क्रम केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. नसलेल्या पायातील कळ इतर कोणाला दिसत नाही. तिचा एकमेव साक्षीदार ‘मी’ असतो. त्यामुळे प्रथमपुरुषी निवेदन हा येथे अलंकार नसून पुराव्याचेच रूप आहे.

शुद्धीवर आलेला डेडलो डाव्या पोटरीत गोळा आल्याची तक्रार करतो आणि परिचारकाला ती चोळावयास सांगतो. पाय कापले गेले आहेत, असे उत्तर मिळते. अशा प्रसंगाचे विवेचन करताना आपल्याकडील अभ्यासक बहुधा रज्जुसर्पाकडे वळेल. (तौलनिक लेखनात हा दृष्टांत जरा स्वस्तच झाला आहे.) परंतु तो येथे लागू पडत नाही. दोरीचे ज्ञान होताच सर्प नाहीसा होतो. डेडलोला सत्य कळल्यानंतरही त्याचे नाहीसे झालेले अवयव त्याला जाणवतच राहतात. शंकराचार्यांच्या अध्यासभाष्यातील दुसरा दृष्टांत, एकच चंद्र दोन भासण्याचा, अधिक नेमका आहे. चंद्र एकच आहे हे पक्के ठाऊक असूनही दृष्टिदोष असेतो दोन दिसतच राहतात. उत्तरकालीन वेदान्त्यांनी निरुपाधिक आणि सोपाधिक भ्रम असा भेद केला, तो याच अनुभवाशी जुळतो.

डेडलोच्या बाबतीत उपाधी कोणती? मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो, तो अवयव गेल्याने पुसला जात नाही. हाताचे क्षेत्र चेहऱ्याच्या क्षेत्राशेजारी असल्याने गालाला स्पर्श केला असता काही रुग्णांना तो तुटलेल्या हातावर जाणवतो, असे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात दाखविले. त्यांच्या आरशाच्या पेटीत धडधाकट हाताचे प्रतिबिंब पाहून काहींच्या वेदना कमी झाल्या: खोटे आहे हे ठाऊक असलेल्या दृश्यानेच! याचा अर्थ पूर्वसूरींना मेंदूशास्त्र अवगत होते, असा कोणी काढू नये. वेदान्त्याला मोक्षाची चिंता होती, मिचेल यांना जखमी सैनिकांच्या कळांची.

कथेचा शेवट मात्र या आकलनापासून ढळतो. प्रेतात्म्यांना पाचारण करणाऱ्या बैठकीत डेडलोचे पाय अवतरतात आणि तो अदृश्य पायांवर काही पावले चालतो. आतापावेतो जे देहाच्या आत होते, ते बाहेरून येणारे भूत बनते, आणि कथेने कमावलेले बरेचसे येथे गमावले जाते. तरीही एक तपशील दुर्लक्षिता येत नाही. चालताना आपला तोल जातो याचे डेडलोला नवल वाटत नाही, कारण संग्रहालयात हे पाय नऊ महिने तीव्र मद्यार्कात बुडालेले होते. हा विनोद डेडलोचा कमी आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या वैद्याचा अधिक आहे. वर्गणी देणाऱ्या वाचकांना तो ऐकूच आला नसावा.